ब्रँटांच्या घरचं दुःख

"कोण गेलं?"

अर्लीननं दारातूनच विचारलं. हातातली पर्स खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही, कोटाचं एक बटण सोडलेलं, दुसरं तसंच. ओट्यावर काचेचं चौकोनी भांडं होतं, त्यावर चकचकीत कागद चारी बाजूंनी दाबून बसवलेला, आणि उचलून बघायची गरज नव्हती, तळाला चिकटपट्टी असणार आणि तिच्यावर निळ्या शाईत मालकिणीचं नाव असणार. असं भांडं दुसऱ्याच्या घरात उगाच येत नाही. माणूस गेलं की येतं, नाहीतर मूल झालं की. मूल या घरात दहा वर्षांत झालेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आई आली, गावाकडच्या घरात, जिन्याच्या खालच्या पायरीशी पडलेली. ज्यूडी कुठेय? पोरगी आतल्या खोलीत टेलिव्हिजनपुढे पालथी पडून पाय हलवत होती, म्हणजे ती तरी होती. मग आईच. आणि आपण दिवसभर ऑफिसात कागदावर पंपाच्या झडपेचा आडवा छेद काढत बसलो, तिकडे फोन वाजत राहिला असेल, आणि शेवटी शेजारच्या बायकांना कळलं, आपल्याला नाही.

"कोण जायचंय?" डेल वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता म्हणाला. "कुणी नाही गेलं. मॅक्सीननं आणून दिलंय. ट्युनाच्या नूडल्स. वरून बटाट्याच्या वेफर्सचा चुरा, तुला आवडत नाही तसा."

"मग आणलं कशाला?"

"शेजारधर्म. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का तुला?"

तिला खुर्चीत बसावं लागलं. भीती उतरते, आणि मग जे उरतं त्याला राग म्हणावा की थकवा, ते कळत नाही. डेलनं भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, तेही स्वतः उठून. या माणसाला ओव्हनची कळ कुठल्या बाजूला फिरते ते माहीत आहे हे लग्नाच्या पंधराव्या वर्षी उजाडलं. तो जेवला मात्र मन लावून. कडेचा करपलेला भाग चमच्यानं खरवडून खाल्ला आणि म्हणाला, "काही म्हण, मॅक्सीनच्या हाताला चव आहे." अर्लीनच्या बोटांना खोडरबरचा आणि पेन्सिलीच्या शिशाचा वास येत होता, आणि तो तिला घरी आल्यावरही हवासा वाटत होता, म्हणून ती हात धुवायचं लांबवत होती. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर म्हणतील, बाईला वेड लागलं.

मंगळवारी लॉरेन प्रुइटचं भांडं आलं, डुकराच्या मांसाचे काप आणि गोड रताळी. बुधवारी पाद्रीबाईंकडून बीन्स. गुरुवारी पुन्हा कुणाचं तरी, त्यावरची चिकटपट्टी ओली होऊन नाव फाकलं होतं. मेला कोण, ते कुणी सांगेना, आणि जेवण मात्र येतंच राहिलं. संध्याकाळी बसमधून उतरून ती नव्या वसाहतीच्या रस्त्यानं चालत यायची, एकसारख्या घरांच्या एकसारख्या खिडक्यांतून पडदे किंचित हलायचे, आणि फाटकाशी कुणी ना कुणी भेटायचं. "कशी आहेस गं?" म्हणायचं, आवाज खाली घेऊन, डोकं एका बाजूला कलतं करून. दंडावर हात ठेवायचं. लॉरेन तर म्हणाली, "अर्लीन, तुझा तो ॲपल-पाय किती छान व्हायचा!" व्हायचा! अगं बये, मी समोर उभी आहे. फेब्रुवारीत तर खाल्लास. पण लॉरेनच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि पाणी आलेल्या डोळ्यांशी वाद कसा घालायचा? जिवंत माणसाचं तेरावं घालायला निघालेल्या या बाया, आणि ते माणूस आपलं "थँक यू" म्हणत दारात उभं. स्वतःच्या घरात शिरताना तिला आता परकं वाटू लागलं होतं. खुंटीवरचा एप्रन ती तसा बघायची, भेटायला आलेल्या बायका गेलेल्या बाईच्या वस्तू जशा बघतात. हा तिचा एप्रन. ही तिची खिडकीतली तुळशीएवढी जिरेनियमची कुंडी, पाणी कोण घालत असेल आता? मीच घालते, दुसरं कोण! ती चिडून मोठ्यानं म्हणाली, आणि ज्यूडी म्हणाली, "कुणाशी बोलतेस, मम्मी?"

आणि भांडी आली की ती परत करावी लागतात. रिकामी नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं ते पाहिलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची. शेतावरच्या घरातलं लांब टेबल अशाच भांड्यांनी भरून गेलं होतं, एकावर एक, आणि लोक काळ्या कपड्यांत भिंतीला टेकून हळू आवाजात जेवत होते. हॅमला लवंगा टोचलेल्या तिला अजून दिसतात. लोक गेले, भांडी राहिली. मग आई दुसऱ्या दिवशी पहाटे उठली आणि तिनं कणीक मळायला घेतली. कुणाच्या भांड्यात चेरी-पाय, कुणाच्या भांड्यात कोबीचं लोणचं, कुणाच्या भांड्यात पावाचे गोळे. त्या महिन्यात आईच्या कोपरापर्यंत पीठ असायचं, आणि अर्लीन एकेक भांडं सायकलच्या टोपलीत ठेवून पोचवून यायची. आई रडली कधी, ते तिला आठवत नाही. वेळच नव्हता. शेवटचं भांडं गेलं तेव्हा आई ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं," आणि ते वडिलांच्या मरणाबद्दल होतं की भांड्यांबद्दल, हे विचारायचं अर्लीनला धाडस झालं नाही. आता तिच्याच ओट्यावर भांड्यांची चळत, घासूनपुसून ठेवलेली, आणि सोमवारी मिस्टर टिलफर्डना उत्तर द्यायचं.

मिस्टर टिलफर्डनी सरळच विचारलं होतं. पंप बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमधला ऑस्कर पाठीच्या दुखण्यानं रजेवर गेला म्हणून तिला जानेवारीपासून बदली घेतलं होतं. आता ऑस्कर परत येणार नव्हता. "मिसेस ब्रँट," ते म्हणाले, तिच्या कागदावरून नजर न काढता, आणि नजर न काढता म्हणाले हेच तिला आवडलं, "जागा कायमची आहे. तुम्हाला हवी असेल तर सोमवारी सांगा. नको असेल तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." एवढंच. कौतुक नाही, उपकार नाही. तिचे कान गरम झाले. घरी येऊन तिनं डेलला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बघू." पंधरा वर्षांत त्यानं ज्याला ज्याला "बघू" म्हटलं ते कधी कुणी बघितलेलं नव्हतं.

लढाईच्या काळात तिनं हेच काम केलं होतं. विमानांच्या कारखान्यात, लांबलचक खोलीत, खिडक्यांना काळा रंग फासलेला, आणि दिव्याखाली मुलींच्या रांगा, प्रत्येकीपुढे मोठा कलता फळा. ती चाकांच्या पायांची ड्रॉइंग करायची. विमान जमिनीला टेकताना सगळा भार ज्याच्यावर येतो तो भाग, असं मुख्य ड्राफ्ट्समननं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून कुठलंही विमान उतरताना दिसलं की ती श्वास धरायची. आजही धरते. मग लढाई संपली. एका दुपारी सगळ्या मुलींना आवारात उभं केलं, कुणीतरी भाषण केलं, देशानं तुमचं ऋण कसं फेडावं वगैरे, आणि एकेकीला गुलाबाचं फूल दिलं. फूल! सोमवारपासून येऊ नका, हे शेवटच्या वाक्यात. तिच्या शेजारची मुलगी ते फूल गटारात टाकून हसत सुटली होती. अर्लीननं मात्र आपलं घरी नेलं, पाण्यात ठेवलं, कारण डेल लढाईवरून परत येणार होता आणि घरात फूल असावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोला? डेल परत आला, घर आलं, ज्यूडी आली, कपडे धुवायचं यंत्र आलं, कॉफीला जमणाऱ्या शेजारणी आल्या, आणि कुठल्या पावडरीनं कॉलर शुभ्र निघते यावर दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत ती दुःखी होती असंही नाही. पण सामानाची यादी लिहिताना ती अक्षरं नकाशावर काढतात तशी काढायची, ताठ, एकसारखी, आणि वाणी विचारायचा, "बाई, ही यादी छापून आणलीत का?"

शनिवारी सकाळी तिनं मॅक्सीनचं भांडं उचललं. आत काय घालावं याचा विचार करत ती बराच वेळ ओट्याशी उभी होती. अंडी होती, पीठ होतं, सफरचंदं होती. हात पिठाच्या डब्याकडे गेलाही. आणि एकाएकी तिला इतकी चीड आली, की तिनं डबा दाणकन बंद केला. कुणी मेलेलं नाही या घरात! मग परतफेड कशाची? ती रिकामं भांडं घेऊन निघाली आणि कुंपणाच्या पलीकडे मॅक्सीनच्या मागच्या दारात उभी राहिली. मॅक्सीन केसांना कुरळे करायच्या गुंडाळ्या लावून, गुलाबी हाउसकोटात. तिनं भांडं घेतलं. कागद नाही, वजन नाही, हे तिच्या हातांना आधी कळलं आणि मग तोंडाला. तिनं आत वाकून बघितलं. परत बघितलं.

"रिकामं?" ती म्हणाली.

"घासलंय स्वच्छ."

"ते दिसतंय गं." मॅक्सीनचा चेहरा लाल झाला. "मी काही खायला मिळावं म्हणून नव्हतं दिलं. पण अर्लीन, रीत म्हणून काही असते की नाही?"

"रीत कुणी गेल्यावरची आहे, मॅक्सीन. माझ्याकडे कोण गेलंय? मला तरी सांग, मी पण थोडं रडून घेते."

"चिडतेस काय माझ्यावर? मी आपणहून नाही आले तुझ्या दारात. डेलनं सांगितलं तेव्हा आले." आणि ती थांबली, कारण अर्लीनच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. "तुला माहीत नाही? अगं, गेल्या रविवारी तू ज्यूडीच्या खोकल्यामुळे घरी राहिलीस ना. पाद्रीसाहेबांनी विचारलं, कुणाच्या घरी दुःख आहे, कुणासाठी प्रार्थना करायची. तर डेल उभा राहिला. डेल! जो कधी तोंड उघडत नाही. म्हणाला, 'ब्रँटांच्या घरासाठी.' आणि रुमाल तोंडाशी धरून खाली बसला. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हटलं, बिचारा डबे उघडून जेवतोय, पोरगी गळ्यात किल्ली अडकवून फिरतेय. बायकामंडळानं वार वाटून घेतले." मॅक्सीननं भांडं छातीशी धरलं होतं. "आम्ही चांगल्या मनानंच केलं हो."

चांगल्या मनानं. हेच तर झालंय! वाईट मनानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. अर्लीन परत आली तेव्हा डेल रस्त्याकडेला गाडी धूत होता, पायघोळ पँट दुमडलेली, समोरचा प्रुइट आपल्या गाडीशी, दोघांचे साबणाचे ओघळ एकाच गटारात चाललेले. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण प्रुइट होता. इथे नेहमी कुणीतरी असतं.

"तू चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना मागितलीस?"

"तुझ्यासाठी नाही. घरासाठी."

"घराला काय झालंय?"

डेलनं स्पंज बादलीत बुडवला, पिळला, परत बुडवला. "हळू बोल," तो म्हणाला. मग प्रुइटकडे पाठ करून, "मी घरी येतो तेव्हा घरात कुणी नसतं, ज्यूडीही बाहेर खेळत असते. दिवा नसतो. तुला नाही कळायचं ते. आणि माझ्या कारखान्यात मला काय ऐकावं लागतं, माहितेय? रोज विचारतात, डेल, आज कुणाचा एप्रन बांधून आलास?"

"मग हे मला सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"म्हणून देवाला सांगितलंस?"

"प्रार्थनेनं कुणाचं वाईट झालंय का, अर्लीन?" तो म्हणाला, आणि त्याला ते इतकं खरं वाटत होतं, त्याचे मोठे ओले हात इतक्या निरुपायानं लोंबत होते, की तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यानं शिवी दिली असती, हात उगारला असता, तर तिला काय करायचं ते समजलं असतं. या माणसानं तिला काहीच केलं नव्हतं. नुसतं सगळ्या गावादेखत तिला देवाच्या हवाली केलं होतं. आणि त्यात दिव्याचं ते म्हणाला, ते तिच्या मनात रुतून बसलं, कारण अंधाऱ्या घरात शिरणं म्हणजे काय ते तिला माहीत होतं, लढाईच्या चार वर्षांत ती रोज शिरत होती. तिच्यासाठी कुणी नूडल्स आणल्या नव्हत्या. कुणाला ते दुःख वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती गेली. न जाऊन सांगते कुणाला? पाद्रीसाहेबांनी आजाऱ्यांची नावं घेतली, एका म्हाताऱ्याचं मोडलेलं हाड घेतलं, आणि मग "ब्रँट कुटुंब, त्यांच्या या कठीण काळात." बाकावरून एक सुस्कारा पसरत गेला. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हातमोजा घातलेला हात ठेवला आणि दाबला. डेल खाली बघत होता, त्याची मान लाल झालेली. त्याला आता लाज वाटत होती, हे तिला कळलं, आणि त्या लाजेचा तिला उपयोग नव्हता. आपण ओझं झालोय का? की भूत? खरंच नको म्हणून टाकावं का उद्या? एक वाक्य. "माफ करा, घरची अडचण आहे." मिस्टर टिलफर्ड मान हलवतील, आणि दुसऱ्या संध्याकाळी भांडी बंद होतील, बायका हसून बोलायला लागतील, लॉरेन म्हणेल, तुझा ॲपल-पाय किती छान होतो. होतो! नुसत्या एका वाक्यानं माणूस जिवंत होऊ शकतं. इतकं ते सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच तिचा जीव घाबरा झाला. प्रार्थनेचं गाणं सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दुपारी जेवायला बसले. टेबलावर पाद्रीबाईंनी दिलेलं कोंबडी-भाताचं ताजं भांडं, चर्चच्या पायऱ्यांवरच हातात कोंबलेलं. डेलनं डोकं खाली घातलं, तिघांनी डोळे मिटले. ब्रँटांच्या घरात जेवणाआधीची प्रार्थना ज्यूडी म्हणायची आणि आमेनचा मान डेलचा. आमेन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हा डेलच्या बापाचा दंडक. त्या म्हाताऱ्यानं मध्ये बोलणाऱ्या पोराच्या बोटांवर चमचा हाणला होता आणि डेलच्या करंगळीवर अजून त्याची खूण होती. ज्यूडीनं अन्नासाठी आभार मानले, घरासाठी मानले, आजीच्या गुडघ्यांसाठी मागणं मागितलं. मग तिचा आवाज बदलला. रविवारच्या शाळेत घोकून घेतलेलं म्हणताना होतो तसा.

"आणि देवा," ज्यूडी म्हणाली, "माझ्या मम्मीला आमच्याकडे परत आण."

अर्लीन तिच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. कोंबडीची वाफ तिच्या तोंडावर येत होती. मिटलेल्या डोळ्यांआड तिला काही दिसेना, नुसती लाली. शिकवलं असणार, पाद्रीबाईंनी शिकवलं असणार, पोरीचा काय दोष. पण पोरीनं ते मनापासून म्हटलं होतं. डेलनं आमेनसाठी श्वास घेतला, तो तिला ऐकू आला.

"आणि देवा," अर्लीन म्हणाली.

डेलचा श्वास तसाच अडकला.

"देवा, मी इथेच आहे. मी कुठेही गेलेले नाही. मी रोज सकाळी सातला जाते आणि सहाला येते, आणि मधल्या वेळात मी पंपांची ड्रॉइंग काढते. हे या घरात कुणी मला विचारलेलं नाही, म्हणून तुला सांगते. मला ते काम आवडतं. कुणाच्या नाकावर टिच्चून नाही, चैनीसाठी नाही. आवडतं. आवडणं हे पाप असेल तर मला सांग, मॅक्सीनला सांगू नकोस."

खुर्ची करकरली. डेल खाकरला. ती थांबली नाही. आता थांबलं तर संपलं, हे तिला माहीत होतं. आमेन झालं की त्याचं बोलणं सुरू होणार, समजूत, शेजारी, कारखाना, बघू. हा एवढाच वेळ होता ज्यात या घरात तिला कुणी मध्येच तोडू शकत नव्हतं, आणि पंधरा वर्षांत तिला तो दिसलाच नव्हता.

"उद्या मी मिस्टर टिलफर्डना हो सांगणार आहे. मी ठरवलंय. ज्यूडीला शाळेतून आल्यावर एकटं वाटतं, ते मला कळतं. त्याचं काय करायचं ते ती आणि मी बसून ठरवू. आणि डेलला अंधाऱ्या घरात यायला भीती वाटते, तर त्याला दिव्याचं बटण दाबायची शक्ती दे. ते दाराच्या उजव्या हाताला आहे. आणि त्याला जे सांगायचं असेल ते आधी मला सांगायची बुद्धी दे, मी भांडले तरी. मी भांडणार. भांडण म्हणजे मरण नाही, देवा. आणि मला..." पुढचं तिला येईना. तिला काय हवं होतं ते सगळं म्हणून झालं होतं, आणि आमेन म्हणायचा मान तिचा नव्हता.

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मुलं ओरडत होती. डेलनं आमेन म्हणायला हवं होतं. तो म्हणेना. भात निवत चालला होता, कोंबडीवर साय धरत होती, आणि तिघं माना खाली घालून बसून होते. शेवटी अर्लीननंच दंडक मोडला आणि डोळे उघडले. डेलचे डोळे घट्ट मिटलेले होते, जबडा आवळलेला, हात एकमेकांत इतके जखडलेले की नखं पांढरी पडली होती. ज्यूडीचा एक डोळा उघडा होता. ती बापाकडे बघत होती, तो म्हणेल म्हणून. मग तिनं आईकडे बघितलं, बराच वेळ, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"आमेन," ज्यूडी म्हणाली.